सव्वाअकरा रगताची सुलोचना

"मी आजारी हावो असं तुमीच लिवलं ना? मंग आता माह्या दारात रगत मांगाले काऊन आले?"

सुलोचनानं हातातली चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. महिनाभर जुनी चिठ्ठी, घड्या पडून पडून मऊ झालेली. तिच्यावर हिरव्या शाईनं लिवलेलं — रक्त सव्वाअकरा, पाहिजे बारा, कमी. या एका ओळीपायी तिचा नर्सच्या शिक्षणाचा अर्ज वर्ध्याहून परत आला होता. खाली सही होती श्रावणची. दवाखान्यात रगत तपासणारा श्रावण. तोच आता रगत तपासाची पेटी काखेत मारून पिपरी मेघेत तिच्या अंगणात उभा होता.

"मी पुस्तकात पाहून लिवलं, बाई," तो म्हणाला.

"कोनाचं पुस्तक?"

"विलायतचं."

"विलायतच्या बाया येतात का इथं कापूस येचाले?"

श्रावण हसला नाई. पण त्याच्या डोळ्यात काहीतरी हललं, ते सुलोचनाले दिसलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"तेच तं पाहाले आलो," तो हळूच म्हणाला. "डाक्टरसाहेब म्हनतात, आपल्या इकडच्या धडधाकट मानसाचं रगत किती असते, हे कोनी मोजलंच नाई. दोनशे लोकायचं मोजाचं हाय. पिपरी, सिंदी, बोरगाव... आकडा पक्का झाला तं परत आलेले अर्ज पुन्ना पाह्यतीन. पंधरा जानेवारीच्या आत."

सुलोचनानं चिठ्ठीची घडी केली. रागाची घडी काई तिले करता आली नाई.

"बसा भाऊ, पानी घ्या," आतून तिची आई जिजाबाई म्हणाली.

सुलोचना मात्र त्याले भाऊ म्हणाली नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडुनिंबाखाली त्यानं टेबल मांडलं, तं समोर ही रांग. खोकणारे, कण्हणारे, महिनाभर ताप अंगात घेऊन हिंडणारे. गावात उठलं होतं का दवाखान्याचा माणूस आला, सुई टोचते आन दुखणं काढते. आन धडधाकट होते ते सारे कापूस येचाले वावरात.

श्रावण डोक्याले हात लावून बसला. सुलोचना झाडाआडून पाहून राह्यली होती. तिले हसू आवरेना.

"हेच का तुमचे धडधाकट?"

"हसा. तुमचाच अर्ज अडकून राह्यला."

ते खरं होतं. तिचं हसू थांबलं.

"दुपारी वावरात या. बाया भाकर खाले बसतात तवा. पन सांगून ठेवते, सुई पाह्यली का पयतीन."

त्या दुपारी पांढऱ्या वावराच्या धुऱ्यावर पेटी उघडली. रगत शहरात नेऊन इकतात म्हणे, अशी कुजबुज बायांमध्ये सुरू झाली. भागीरथामावशी तं गाठोडं उचलून उठलीच. तवा सुलोचनानं सगळ्यांच्या पुढं बोट केलं.

"टोचा."

श्रावणनं तिचं बोट धरलं. स्पिरिटचा थंड फाया फिरवला. त्याच्या हाताले स्पिरिटचा वास, तिच्या हाताले कापसाच्या बोंडांचे ओरखडे. सुई टोचायच्या आधी तो जरासा... थांबला.

"तुमचा हात काऊन थरथरून राह्यला?"

"सवय नाई."

"दिवसाले पन्नास लोकायले टोचता ना?"

"हो... पन ते मले शिव्या देत नाईत."

बाया खुदखुदल्या. भागीरथामावशी परत खाली बसली.

थेंबभर रगत त्यानं बारीक नळीनं ओढून तेजाबाच्या पाण्यात सोडलं. त्याचा रंग काळ्या चहासारखा झाला. मंग थेंब थेंब साधं पाणी टाकत त्यानं तो रंग बाजूच्या काचेच्या कांडीसंग जुळवाले घेतला. जिथं दोन्ही रंग सारखे होतीन, तिथला आकडा खरा.

"जुळला. अकरा," तो म्हणाला.

"नाई जुळला. आपला जास्त गडद हाय. एक थेंब टाका."

त्यानं थेंब टाकला. उजेडाकडं धरून पाह्यलं. पोरगी बरोबर होती. आकडा तोच, सव्वाअकरा.

कापसातली वाळल्या पानाची बारीक कच वेचून वेचून तिची नजर तयार झालेली. त्या दिवसापासून श्रावण नळी धरे आन सुलोचना पाहे. उन्हाकडं तोंड करून दोघं एकाच नळीत पाहात, डोकं डोक्याले लागेल न लागेल असं. एकदा तिच्या केसात कापसाचा रुआ अडकला होता. श्रावणचा हात वर गेला... अर्ध्यातच थांबला... आन टोपी नीट करून खाली आला. सुलोचनानं ते पाह्यलं. रुआ तिनं दिवसभर काढला नाई.

"तुमची आई मले भाऊ म्हनते," एक दिवस तो नळी धुता धुता म्हणाला. "तुमी नाई म्हनत."

"मले पुरे आहेत भाऊ."

"किती?"

"एकबी नाई," ती म्हणाली आन पाण्याचा गडवा घेऊन चालली गेली.

आठव्या दिवशी मात्र सारं बिनसलं. तो हात धुवाले गेला होता, वही उघडी होती. सुलोचनानं पाह्यलं तं पानापानावर लाल रेघा. बाराच्या खालचं एक एक नाव खोडलेलं, पुढं लिवलेलं — आजारी. भागीरथामावशी खोडलेली. तिची आई खोडलेली. सगळ्यात वर ती सोता.

"हे काय हाय?"

"यादीत धडधाकटच पाह्यजे ना... म्हनून बाराच्या खालचे..."

"म्हंजे पुस्तकात बसते थोच धडधाकट? मंग तुमच्या यादीतून पुस्तकच निघन का नाई? एवढी बोटं कायले टोचली?" तिचा आवाज चढला. "भागीरथामावशी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन दोन कोस चालते. ताप नाई, खोकला नाई. सांगा, तिले कोनतं दुखनं हाय?"

श्रावण वहीकडं पाहात राह्यला. मंग वही उचलली, सायकल उचलली आन चालला गेला.

दोन दिवस तो आला नाई. सुलोचना येचणीत कच सोडून देऊ लागली. मुकादम ओरडला. तिले ऐकू आलं नाई.

तिसऱ्या दिवशी सकाळीच सायकल अंगणात वाजली.

"डाक्टरसाहेबाले सारं सांगतलं," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "लय बोलले मले. म्हने, आधी मानूस पाहा, ताप इचार, खोकला इचार, पोटुशी हाय का इचार, आन मंग नळी पाहा. आकडा पाहून मानूस खोडाचा नाई." त्यानं वही पुढं केली. "एका एका घरी जाऊन पुन्ना इचाराचं हाय. आन... तुमची चिठ्ठी. ते लिवाले नको होतं मी."

सुलोचनानं वही घेतली. खोडलेल्या तिच्या नावावर त्यानं हिरव्या शाईनं पुन्हा नाव लिवलं होतं, मोठ्या अक्षरात. बाकीच्यांपेक्षा मोठ्या.

"आधी चहा घ्या," ती म्हणाली. "मंग जाऊ."

बारा जानेवारीले दवाखान्याची जीप आली. ओमप्रकाश डायव्हरनं इंजिन बंदसुद्धा केलं नाई. श्रावण उडी मारून उतरला.

"वरचे दोनचार आन खालचे दोनचार सोडून बायांचं पावनेअकरा ते साडेतेरा निघालं. तुमी मधात बसता. वर्ध्यात अर्ज घेतला तुमचा. खालच्यांले रगत वाढाच्या, लोखंडाच्या गोया भेटतीन."

सुलोचना पदराचं टोक तोंडाशी धरून उभी राह्यली. मंग म्हणाली, "अन् तुमचं किती?"

"माह्यं... कधी मोजलंच नाई."

"पेटी उघडा."

तिनं त्याचं बोट धरलं. स्पिरिट लावलं. तिचा हात थरथरला नाई. टोचलं, ओढलं, थेंब थेंब पाणी टाकलं, दोघांनी मिळून उजेडात पाह्यलं.

"सव्वातेरा," ती म्हणाली. "पुस्तकात बाप्यामानसाले चौदा पाह्यजे. तुमीबी आजारीच म्हना."

"मंग लिवून द्या चिठ्ठी."

जीपचा भोंगा वाजला. पुढचं काम आर्वीकडं होतं, दोन महिन्याचं. हे त्यानं सांगतलं नव्हतं, पण गाडीत त्याची वळकटी तिनं आल्या आल्याच पाह्यली होती.

तिनं त्याच्याच पेनानं चिठ्ठी लिवली आन त्याच्या हातात दिली. त्यानं वाचली — रक्त सव्वातेरा. धडधाकट. हात थरथरतो. होळीच्या आत पुन्हा तपासाले येणे.

"इथंच?"

"इथंच. आन... आईले सांगून ठेवते मी."

"काय?"

"का याले भाऊ म्हनत जाऊ नको."

श्रावणनं काहीतरी बोलाले तोंड उघडलं. भोंगा पुन्हा वाजला, लांबलचक.

"सुलोचना... मले आता जा लागते."