बेचाळिसावं पान

पप्पांचा कॉम्प्युटर चौदा वर्षांचा होता. तो सुरू होईपर्यंत पप्पांची दाढी उरकायची. ते गेल्यावर महिन्याभरात त्याची डिस्क कुरकुरायला लागली. त्यांनी लिहिलेल्या आठवणींची फाईल त्यातच होती, म्हणून मी मेकॅनिकला घरी बोलावलं.

"डिस्क नवी, पण बोर्ड म्हातारा," तो म्हणाला. "घोडा बैलगाडीला जुंपल्यासारखं झालंय, ताई. निम्माच वेग मिळेल."

त्याने नव्या डिस्कवर हुबेहूब प्रत करून दिली. जुनी मी कपाटात कुलूपबंद केली.

फाईल एक्केचाळीस पानांची. शेवटचं वाक्य अर्धवट होतं : 'तुमची आई घर सोडून गेली असं मी तुम्हाला सांगत आलो, पण'. त्या 'पण'च्या पुढचं मला तीस वर्षं हवं होतं.

चौथ्या दिवशी पानं बेचाळीस झाली. नव्या पानावर एकच ओळ : 'ती गेली नव्हती.'

मी दादाला फोन लावला. "तू फाईलला हात लावलास?"

"मला पासवर्ड कुठे माहितीये? लाडकी लेक तू." दादा म्हणाला. "जुनं उकरू नकोस, बाई."

माझा संशय त्याच्यावर बळावला. मग मेकॅनिकवर. नेटची वायर काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला पुन्हा बोलावलं.

त्याने सगळं बंद करून डिस्कचा वेग तपासला. आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला.

"काहीतरी लिहिलं जातंय. सेकंदाला एखादं अक्षर. मधेच थांबतंय, पुन्हा सुरू."

"व्हायरस?"

"व्हायरसला एवढा धीर नसतो, ताई."

मी फाईल उघडली. तीच ओळ. तिच्याखाली आणखी एक.

'परक्या माणसासमोर नको.'

मेकॅनिकने ती वाचली. पैसे नंतर द्या म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हर टेबलावर विसरूनच निघाला. मी त्याला जिन्यापर्यंत सोडलं. दार नुसतं लोटून परत आले.

फाईल बंद केली. पुन्हा उघडली.

परक्या माणसाची ओळ खोडलेली होती. तिच्या जागी दोनच शब्द होते.

'कडी लाव.'