शेवटच्या ओळीतलं नाव

येडाईदेवीची आन घेऊन सांगते पोरींनो, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं बोलले तर माझी मिरची कांडायची गिरणी आत्ताच्या आत्ता बंद पडू दे. आता ऐका.

तीन वर्सांमागं, येरमाळ्यात, भर दुपारचं, माझ्या गिरणीच्या दारात एक माणूस शिंकला. एकदा न्हाय — सतरा वेळा! शेवटची शिंक अशी, की हायवेवरची एसटी थांबली अन् कंडक्टर खाली उतरून विचारतो, "कुणी हात केला?"

म्या पाण्याचा तांब्या पुढं केला. "मिरचीच्या दारात बसून गाडीची वाट बघत्यात व्हय कुणी?"

"सावली हितंच हुती, बाई." लालबुंद डोळं, पांढऱ्या मिशा, खिशात तीन पेनं...

म्या वळखलं. शांतलिंग! चाळीस वर्सं गाणी लिहिणारा माणूस. आपल्याकडं लगीन असू दे, बारसं असू दे, जत्रा असू दे, गाणं ह्यांचंच. अन् दर गाण्याच्या शेवटच्या ओळीत त्यांचं नाव — 'शांतलिंग म्हणे'.

"तुमीच व्हय ते गाणेवाले?"

"हुतो. आता संगीत नाटक लिहितोय." मंग हळूच म्हणाले, "अन् लई भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"गाण्यात माणूस एकटाच बोलतो. नाटकात समोरचं माणूस उत्तर देतं. ती उत्तरं मला येईनात."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन हजर! गिरणीचा धडधडाट, त्यात आमी दोघं वरडून बोलायचो.

"समजा, त्यो तिला म्हणला, तुझ्याबिगर करमत न्हाय. ती काय म्हणल?"

"म्हणल, मंग बसा अन् मिरच्यांची देठं खुडा."

"हे लिहू?"

"लिहा की. पर आधी खुडा."

खुडली बिचाऱ्यांनी. बोटं पेटली. म्या खोबऱ्याचं तेल लावाया गेले... अन् त्यांचा हात सोडायचंच इसरले. छप्पन्न वर्सांची बाई म्या, नवरा जाऊन अकरा वर्सं झालेली. गावाचं भ्या वाटायचं. सगळ्यात जास्त माझ्या पोराचं, कल्याणप्पाचं. त्यो दारात आला की म्या झटकन मिरच्या मोजाया लागायची. मिरच्या कुणी मोजतं व्हय?

नाटक बसवणारे महालिंगप्पा वही वाचून म्हणाले, "ही नायिका तर सगळी नागम्माबाईवानी बोलती. मंग तिलाच उभी करा." झाले म्या नायिका!

पहिल्या तालमीला म्या शेवटचं गाणं म्हणलं. सवयीनं त्यातबी 'शांतलिंग म्हणे' लिहून ठेवलेलं. महालिंगप्पा वरडले, "थांबा! गाणं नायकाला म्हणती अन् नाव ह्यांचं घेती. हिचं लगीन लावू तरी कुणाशी?"

सगळे खो-खो हसले. शांतलिंग पांढरेफटक.

बाहेर आले अन् पायरीवर बसले. "नाव काढलं तर ह्यात म्या उरतो कुठं, नागम्मा?" पहिल्यांदाच नुसतं नागम्मा म्हणाले... म्या बी पायरीवर टेकले.

"मंग नगा काढू."

"काढतो. पर एक सांगतो. हे नाटक पडलं, तर वही बंद. लेकीकडं सोलापूरला जातो. परत येत न्हाय."

त्या दिवसापास्नं मला घास गिळंना. नाटक पडायचं भ्या त्यांना. मला भ्या, ती एसटी सुटायचं.

खेळ शाळेच्या पटांगणात, दुपारी चारला. निम्मा येरमाळा आलेला. पुढच्या रांगंत कल्याणप्पा, हाताची घडी घालून. शांतलिंग पेटीवर बसले हुते. बोटं अशी कापत हुती, की एकाच वेळी तीन सूर वाजायचे. पहिला अंक पडला, दुसरा बी पडल्यात जमा. लोकं उठाया लागली. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "गाणी बरी लिव्हायचा की ह्यो!" शांतलिंगांनी मान खाली घातली. म्या बघितलं, त्यांनी वही मिटली.

आता शेवटचं गाणं. पदर खोचून म्या पुढं झाले.

उंबऱ्यावर ठेवला दिवा, वाऱ्याला म्हणते थांब,
येणार का तू राहणार दूर — सजणा, आता सांग...

दुसऱ्यांदा ही ओळ घेतली, अन् भ्यानं माझी जीभ घसरली! 'सजणा'च्या जागी तोंडातनं निघालं —

शांतलिंगा, आता सांग.

पेटी थांबली. उठलेली लोकं खाली बसली. पोरींनो, आमच्यात बाई नवऱ्याचं नाव बी उखाण्याबिगर घेत न्हाय. अन् म्या परक्या माणसाचं नाव, भर पटांगणात, सुरात! पडदेवाला दोरीकडं पळाला. कल्याणप्पा उभा राहिला.

"ए, पडदा पाडू नगंस!" कल्याणप्पा वरडला. "त्यांचं उत्तर ऐकू दे."

शांतलिंग पेटीमागनं उठले. चाळीस वर्सं गाणी लिहिणाऱ्या माणसाला आधी एक शिंक आली. मंग म्हणाले, "सोलापूरला न्हाय जात म्या, नागम्मा. हितंच ऱ्हातो. देठं खुडतो."

काय टाळ्या पडल्या! येडाईच्या डोंगरावरची माकडं बी खाली उतरून टाळ्या वाजवत हुती.

आता तेच गाणेवाले माझ्या बाजूला बसून मिरच्या निवडत्यात, दुसरं नाटक लिहित्यात, अन् उत्तरं मला विचारत्यात.

बरं, एक सांगू? परवापास्नं गिरणीचा पट्टा तुटून गिरणी बंद पडलीया. दरवेळी हीच आन घेते म्या, ती भोवली म्हणायची. माकडं खरी हाईत, एसटी बी खरी. पर ती जीभ... ती काय घसरली नव्हती. आठ दिवस आधीपास्नं, गिरणीच्या धडधडाटात, कुणाला ऐकू जायचं न्हाय अशी, म्या तीच ओळ त्यांच्या नावानं घोकत हुते.