निष्कंप

कॅमेरा लिंबाएवढा झाला तरी तो धरणाऱ्याच्या अंगावरचं वीस-बावीस किलोंचं ओझं काही सुटलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा. अहो, कॅमेरा खिशात मावतो, मग ओझं कसलं? ओझं लोखंडाचं! रिकामी बादली नुसत्या बोटाने ढकलली तरी सरकते, पाण्याने भरलेली सरकत नाही. जड वस्तू हलायला कुरकुर करते आणि एकदा चालू लागली की थांबायलाही कुरकुर करते. चित्र स्थिर हवं तर हाच गुण लागतो. म्हणून स्टेडीवाले, म्हणजे चालता-पळता स्थिर चित्र घेणारे कॅमेरावाले, त्या लिंबाएवढ्या कॅमेऱ्याच्या खाली दांडी लावायचे, दांडीला लोखंडी चकत्या लावायचे, ते सगळं एका स्प्रिंगच्या हाताला टांगायचे आणि तो हात छातीवरच्या पट्ट्याला अडकवून दिवसभर पळायचे.

मधल्या काळात उडते कॅमेरे आले होते. सगळे म्हणाले, आता स्टेडीवाल्यांची सद्दी संपली. पण चार-पाच वर्षांत प्रेक्षकच विटले. उडत्या कॅमेऱ्याला कुठे जायचं ते सांगता येतं, कुठे क्षणभर रेंगाळायचं ते सांगता येत नाही. ते माणसालाच कळतं. म्हणून माणूस परत आला आणि त्याच्यामागून त्याची पाठदुखीही आली.

कोल्हापूरच्या इंद्रजित तोडकरचं नेमकं इथेच अडलं होतं. पंचेचाळिशी गाठली होती, हाताला नाव होतं, सिनेमावाले त्याच्या तारखांसाठी थांबायचे. आणि हाडांच्या डॉक्टरने फोटो उजेडाकडे धरून सरळ सांगितलं होतं, "तोडकर, मणके घासलेत. ओझं उचलणार की चालणार, ते ठरवा."

दुसरं काम त्याला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शिकायचंही नव्हतं. म्हणून तो नवा साज शोधायला निघाला. सोबत अर्थातच तौफिक मुल्ला. इंद्रजित शूटिंगला गेला आणि तौफिक मागे नाही, असं वीस वर्षांत झालं नव्हतं. कारण स्टेडीवाल्याचे डोळे असतात छोट्या पडद्यावर. पायांखाली पायरी आहे, खड्डा आहे की केबल, हे त्याला दिसत नाही. ते बघायला मागे एक माणूस लागतो, त्याचा तळहात स्टेडीवाल्याच्या कमरेवर टेकलेला असतो. डावीकडे दाब म्हणजे डावीकडे, थोपटलं म्हणजे पायरी. आणि हात सुटला म्हणजे जागच्या जागी थांबायचं, शॉट गेला खड्ड्यात. या धंद्यातला हा पहिला नियम. त्या दोघांनी तो कधी बोलूनही दाखवला नव्हता, इतका तो अंगात भिनला होता.

दोघांनी सगळं पाहून घेतलं. बारीक मोटारींनी कॅमेऱ्याचा तोल सांभाळणारे गिंबल पाहिले. हलके होते, पण चित्र असं गुळगुळीत यायचं की कोणी चालतंय असं वाटायचंच नाही. ओझं पेलणारा लोखंडी सांगाडा अंगावर चढवून पाहिला. त्यात जिना चढताना इंद्रजित दोनदा दारातच अडकला. "नवरदेवासारखा दिसतोयस, फक्त घोडा पाहिजे," असं म्हणून तौफिक पोट धरून हसला.

शेवटी ते डॉक्टर मुक्ता आगाशे यांच्या प्रयोगशाळेत पोचले. या बाई मज्जासंस्थेच्या शास्त्रज्ञ. म्हाताऱ्यांचे थरथरते हात थांबवायला त्यांनी एक जाकीट बनवलं होतं, आणि सिनेमावाल्यांनाही ते चालेल असं त्यांच्या डोक्यात आलं होतं. जाकिटाचं नाव होतं निष्कंप.

"तुमच्या धंद्यात कॅमेरा कोण हलवतं?" त्यांनी विचारलं.

"कोण म्हंजे? ह्योच," तौफिकने इंद्रजितकडे बोट केलं.

"बरोबर. श्वास, हृदयाचा ठोका, स्नायूंची बारीक थरथर. तुम्ही लोखंड लावून ती थरथर दाबता. मी म्हणते, ती उठूच कशाला द्यायची?" त्यांनी जाकीट उलटं करून दाखवलं. आत कण्याच्या रेषेत आणि कॉलरीपाशी पातळ पट्ट्या होत्या. "स्नायू हलायच्या आधी मेंदूकडून मज्जातंतूंतून निरोप निघतो. या पट्ट्या तो निरोप वाटेत वाचतात. तुम्ही ठरवून केलेली हालचाल असेल तर जाऊ देतात. न ठरवता उठलेली असेल तर उलटा निरोप पाठवून तिथल्या तिथे मिटवून टाकतात. ओझं शून्य."

"आणि दचकलो तर?" इंद्रजितने विचारलं. त्याच्या धंद्यात दचकणं म्हणजे शॉट मेला.

बाई नुसत्या हसल्या. त्याला जाकीट घातलं, हातात कॅमेरा दिला आणि समोरच्या भिंतीवरच्या ठिपक्यावर धरायला लावला. तो धरून उभा असताना त्यांनी हळूच मागे जाऊन स्टीलची परात फरशीवर आपटली. तौफिक अक्षरशः उडाला. "या अल्ला!" म्हणून त्याने छातीवर हात ठेवला. पडद्यावरचा ठिपका जिथे होता तिथेच होता.

"नाद खुळा," तौफिक पुटपुटला.

इंद्रजित मात्र अजून ठिपक्याकडेच बघत होता. त्याला आवाज ऐकू आला होता, परात पडली हेही समजलं होतं. नेहमी पोटात जो गोळा येतो, तेवढाच आला नव्हता. कमरेत एक कळही नव्हती. वीस वर्षांत पहिल्यांदा हातात कॅमेरा होता आणि पाठ दुखत नव्हती. त्याला अगदी रडू येईल इतका आनंद झाला.

"काढल्यावर सगळं परत येतं ना?" त्याने विचारलं.

"येतं. आठ-नऊ महिने वापरलेल्यांचं तरी आलंय," बाई म्हणाल्या. "त्याहून जास्त कोणी वापरलेलं नाही, त्यामुळे पुढचं मला माहीत नाही. खोटं सांगणार नाही तुम्हाला."

एवढा प्रामाणिक विक्रेता कुठे भेटतो! इंद्रजितने जाकीट घेतलं.

पुढच्या दोन वर्षांचं त्याने सोनं केलं. तो जिने पळत उतरला, नावेतून नावेत उतरला, आणि चित्र असं यायचं की बघणाऱ्याने श्वास रोखावा. पाठ इतकी सुधारली की गणपतीला आरास करायला तो स्वतः शिडीवर चढला. तौफिकला काढायचा विषय निर्मात्यांनी काढला होता, जाकीट आहे तर मागे माणूस कशाला म्हणून. इंद्रजितने साफ सांगितलं, जाकिटाला पाठीमागे डोळे नाहीत.

मग एका दुपारी जेवताना त्याच्या खांद्यावर पाल पडली.

त्याची बायको ऋतुजा किंचाळून पाटावरून उठली. तिच्या हातातली आमटीची वाटी सांडली. इंद्रजितने डाव्या हाताने पाल उचलली, भिंतीवर सोडली आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. जाकीट खुंटीवर होतं.

"अहो, माणूस आहात की खांब?" ऋतुजा म्हणाली. आधी तिला हसू आलं, मग ते विरलं. "परवा कुकरचं झाकण उडालं तेव्हाही तुम्ही वळून पाहिलं नाहीत. मी ओरडले, तर म्हणालात, लागलं का? असं विचारलंत, जशी वेळ विचारावी. मला भीती वाटते हो तुमची."

ते बोलणं त्याला लागलं. म्हणजे, लागायला हवं हे त्याला समजलं. दुसऱ्याच दिवशी तो तौफिकला घेऊन आगाशेबाईंकडे गेला. त्यांनी कानाशी ठोके वाजवले, पापण्यांवर वारा सोडला, आलेख काढले आणि चष्मा काढून ठेवला.

"मेंदू काटकसरी असतो," त्या म्हणाल्या. "दचकायचा निरोप दोन वर्षं पाठवला, एकदाही पोचला नाही. त्याने पाठवणंच बंद केलंय."

"परत चालू हुईल का?" तौफिकने विचारलं.

"जाकीट वर्षभर बंद ठेवलं तर बहुधा होईल. वापरत राहिलात तर कायमचं जाईल असं दिसतंय."

वर्षभर बंद म्हणजे काम बंद. किंवा परत ते लोखंड, परत ते मणके. आणि एकदा लोक नाव विसरले की या धंद्यात कोणी दाराशी येत नाही. इंद्रजितने आलेख स्वतःकडे ओढून पाहिले. मग म्हणाला, "पण बाई, मला समजतं सगळं. पाल पडली हे समजलं. विस्तव भाजतो हे समजतं. दचकत नाही, एवढंच ना? मग धोका कसला?"

बाईंनी मान डोलावली. "समज पूर्ण शाबूत आहे. त्या दृष्टीने धोका दिसत नाही मला." आणि हे त्या मनापासून म्हणाल्या होत्या.

बाहेर आल्यावर तौफिकने त्याची कॉलर धरली. "भावा, ऐक माझं. हातातला पिक्चर संपीव आणि ठेव ते खुंटीला. वरीसभर आपण दोघं लग्नाच्या शूटिंगा करू. उपाशी न्हाई मरत."

"हा एक शॉट राहिलाय. तो झाला की बंद. शब्द दिला."

तो शेवटचा शॉट नदीकाठच्या एका गुऱ्हाळात होता. नायिका पाठमोरी चालत जाणार, रस उकळणाऱ्या तीन मोठ्या काहिलींना वळसा घालणार, वाफेतून मागच्या दाराने बाहेर पडून उसात शिरणार. कॅमेरा तिच्या मागे, सलग, एकही कट नाही. सगळीकडे दिसणार म्हणून गूळ करणाऱ्या गुळव्यासकट सगळ्यांना बाहेर लपवलेलं. आत फक्त तिघं. नायिका, इंद्रजित, आणि त्याच्या कमरेवर हात ठेवून तौफिक. उसाचा चरक धडधडत होता, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

पहिली काहील गेली. दुसरी गेली. वाफ इतकी दाट की नायिकेचा पदर तेवढा दिसत होता. तिसऱ्या काहिलीपाशी फरशीवर रसाची मळी सांडली होती. तौफिकने इंद्रजितला उजवीकडे दाबून तिच्यातून वाचवलं आणि त्याचा स्वतःचाच पाय मळीवरून घसरला.

कमरेवरचा हात सुटला.

इंद्रजितला समजलं. मागे धप्प झालेलं समजलं, "इंद्या!" ही हाकसुद्धा चरकाच्या आवाजातून त्याच्या कानांपर्यंत पोचली. तौफिक पडला. काहिलीजवळ पडला. शॉट थोडासाच राहिलाय, तो संपला की बघू. असे ते विचार एकामागून एक शांतपणे आले, आणि पाय चालत राहिले.

हात सुटला की थांबायचं, हा नियम त्याला पाठ होता. वीस वर्षांत दहा-बारा वेळा तो थांबलाही होता आणि आपण नियम पाळतो असंच त्याला वाटत आलं होतं. पण थांबताना नियम कधी आठवला होता? काळजात धस्स व्हायचं आणि पाय आपोआप खिळायचे. त्याला थांबवायचं ते त्या धस्स होण्याने. ते गेलं, आणि नुसता नियम उरला. नियमाला घाई नसते.

पदर वाफेतून बाहेर पडला. उसाच्या हिरव्या पानांवर ऊन आलं. नायिका आत शिरली, पानं हलली, स्थिरावली. बाहेरून दिग्दर्शक ओरडला, "कट! काय शॉट आहे!" टाळ्या पडल्या. तेव्हा इंद्रजित वळला आणि म्हणाला, "आत तौफिक पडलाय. कोणीतरी या."

खुब्याचं हाड मोडल्यामुळे तौफिकला स्वतःला ओढता आलं नव्हतं. तेवढा वेळ त्याचा पाय काहिलीच्या तापलेल्या काठाला टेकून होता. डॉक्टरांनी पाय वाचवला. चालता येईल, पण काठी घेऊन, असं सांगितलं. कोणाच्या मागे चालायचं काम त्याला आता जमणार नव्हतं.

इंद्रजित रोज दवाखान्यात जायचा. उशी नीट करायचा, संत्रं सोलून द्यायचा, तौफिकच्या बायकोला घरी पाठवून स्वतः बसायचा. करायला हवं ते सगळं त्याने केलं, एकही गोष्ट चुकवली नाही. जाकीट त्याने आगाशेबाईंना परत पाठवलं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या. त्याने त्यांना धीर दिला.

दहाव्या दिवशी तौफिक म्हणाला, "मोबाईल आण. दाखीव तो शॉट."

"राहू दे की."

"दाखीव म्हनतो न्हवं!"

इंद्रजितने मोबाईल त्याच्या हातात दिला. शॉट सुरू झाला. पहिली काहील, दुसरी काहील, वाफ, पदर, ऊस. आवाज काढून टाकलेला होता. पाण्यावरून बोट जावी तसं चित्र शेवटपर्यंत गेलं.

तौफिकने ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तो मोबाईल अगदी डोळ्यांपाशी धरून बघत होता.

"काय शोधतोस?" इंद्रजितने विचारलं.

"मी कुठं पडलो, ते."

इंद्रजितने वाकून चित्र थोडं मागे नेलं आणि एका जागी बोट ठेवलं. "इथे."

तौफिकने तेवढाच तुकडा लावला. वाफ हळूहळू विरत होती, पदर पुढे चालला होता. त्याने तो तुकडा आणखी सावकाश करून लावला. पदराला जरासुद्धा धक्का बसला नाही, चौकटीची कड जरासुद्धा हलली नाही.

"न्हाई रं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "हितं काहीच झाल्यालं न्हाई."