याची चौकशी तुम्ही करा, अब्बा

भर दुपारची वेळ, सांगलीतल्या विश्रामबागचा चौक मोकळा, आणि पुढचा बुलेटवाला लाल सिग्नलला ढिम्म उभा! समीनानं स्कूटीचा हॉर्न तीनदा वाजवला.

"ओ, कुणी नाहीये! निघा की!"

त्यानं हेल्मेटची काच वर केली. "लाल हाय, मॅडम."

"दिसतंय मला."

"मग वाजवताय कशाला?"

समीनाला राग आला... आणि हसूही.

अर्ध्या तासानं तेच हेल्मेट काखेत मारून स्वारी ऑफिसात हजर! समीनाच्या अब्बांच्या, म्हणजे कुतुबुद्दीन चाचांच्या, तीन स्कूल व्हॅन होत्या. त्यांना ड्रायव्हर हवा होता. याचं नाव राहील, गाव जत; आधी वाईत लग्नाच्या गाड्या चालवायचा.

"लायसन्स, बिल्ला, पोलिसांचा दाखला," समीनानं टेबल वाजवलं. "आणि जुन्या मालकाचा नंबर."

"एवढी चौकशी? लगीन ठरवताय का?"

"ड्रायव्हर ठरवतेय. लग्नाला कोण एवढं बघतंय!"

बघायला कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी अब्बांनी एक ड्रायव्हर गोड बोलतो म्हणून ठेवला. तो पिऊन आला, व्हॅन खांबावर घातली, आत बसलेल्या छोट्या झोयाचा हात मोडला. तिचे वडील ड्रायव्हरकडे गेलेच नाहीत, थेट अब्बांसमोर उभे राहिले. "गाडी तुमची, माणूस तुमचा. कुणाच्या हातात दिलीत आमची पोरगी?" त्या दिवसापासून अब्बांनी ड्रायव्हरची चौकशी आणि सही समीनाकडे सोपवली. आता परत चूक झाली, तर एकही आई त्यांच्या व्हॅनमध्ये पोर बसवणार नव्हती.

समीनानं वाईला फोन लावला. जुना मालक तडकलाच. "त्यो व्हय? लय हट्टी! टायर गुळगुळीत झाल्यात म्हणून गाडीच काढीना. वऱ्हाड ताटकळलं माझं!"

असाच तर हवा होता! सहीसाठी तिनं पेन उचललं... आणि राहील हसला. गालावर ही एवढी खळी!

पेन तिथंच थांबलं. आपण सही कशावर करतोय — फोनवर, की खळीवर? अब्बाही असेच तर भाळले होते.

फाईल घेऊन ती आतल्या खोलीत गेली. "याची चौकशी तुम्ही करा, अब्बा. पहिल्यापासून."

"का गं? काय खोट निघाली?"

"त्याच्यात नाही... माझ्यात." तिनं डोळे गच्च मिटले. "मला तो आवडलाय. माझ्या सहीला अर्थ नाही."

मध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन! पलीकडे हेल्मेट धाडकन पडलं.

अब्बांनी शांतपणे चष्मा पुसला. "पोरा, आता जा. मी बघतो."

"व्हय, चाचा," पलीकडून आवाज आला. "...सावकाश बघा. समदं बघा."

अब्बा एसटीनं वाईला गेले, जतलाही जाऊन आले. आठवड्यानं सही झाली, अब्बांची.

सोमवारी पोरांना शाळेत सोडून राहील परत येत होता. चौकात लाल. मागं समीनाची स्कूटी. हिरवा लागला... व्हॅन हलेना! आरशात दोन डोळे, तिच्यावरच खिळलेले.

तिनं हॉर्न दिला. "हिरवा हाय, राहील!"

खिडकीतून डोकं बाहेर आलं, कान लालेलाल. "मलाबी तुमी आवडता. त्या दिवशी सांगायचं ऱ्हायलं."

"आधी गाडी काढा!" समीना हसत ओरडली. "दाखल्यावर डाग पडेल!"