पॅनोरमाचं डावं टोक

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मला शपथा घ्यायला लावू नका.

अद्वैत माझा मावसभाऊ. मूळचा नागपूरचा, नोकरीला बंगळुरूत. थापा मारायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्यात नाही, हे मी लहानपणापासून बघतेय.

आणि रात्रबित्र काही नव्हती हो. जानेवारीतला रविवार. सकाळचं लख्ख ऊन. हेब्बाळचं तळं.

अद्वैतनं त्याचा मोठा कॅमेरा नुकताच विकला होता. "ते धूड गळ्यात अडकवून कोण फिरणार? आता फोन बस्स!" पुढच्या आठवड्यात हंपीला जायचं होतं. म्हणून नव्या फोनवर हात बसवायला तो आणि त्याची बायको सुखदा तळ्यावर गेले.

पॅनोरमा काढायचा होता. डावीकडून उजवीकडे फोन सावकाश फिरवायचा, अख्खं तळं एका फोटोत.

त्यानं सुखदाला डाव्या टोकाला, झाडाशेजारी उभं केलं.

"मी सांगेपर्यंत हलू नकोस हं."

"बरं बाबा, पण आटप लवकर. ऊन लागतंय."

फोन फिरत गेला. पाणी... बगळे... पलीकडचा उड्डाणपूल...

आणि उजव्या टोकाला सुखदा उभी. हसत.

अद्वैतलाही हसू आलं. पाठीमागून पळत जायचं आणि एकाच फोटोत दोनदा यायचं, तिची कॉलेजपासूनची खोड!

पण मागे सगळा वाळका पाचोळा होता... आणि पावलांचा आवाज आलाच नव्हता.

हे त्याला नंतर सुचलं. तेव्हा तो तिला घेऊन निघाला.

फाटकाशी शहाळेवाला अण्णा म्हणाला, "सार, मॅडम अल्ले इद्दारे." मॅडम तिथंच आहेत.

"ही काय अण्णा, माझ्या शेजारी!"

अण्णानं तिच्याकडे पाहिलं. मग शहाळं न फोडताच कोयता खाली ठेवला.

घरी आल्यावर सुखदाचा फोन तिचा चेहराच ओळखेना. पिन टाक म्हटलं, तर तिला आठवेना.

"फोन बिघडलाय," ती म्हणाली. हसतच.

अद्वैतच्या फोननं फोटोंतले चेहरे वेगवेगळे लावले होते. डाव्या टोकाची सुखदा तिच्या नेहमीच्या अल्बममध्ये. उजवीकडचीचा वेगळा, नवा अल्बम. खाली प्रश्न...

ही व्यक्ती कोण?

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून तो तळ्यावर पळाला. झाडाशेजारी कुणी नव्हतं. त्यानं कॅमेरा उघडला...

स्क्रीनवर सुखदा उभी होती.

तिथंच. उन्हामुळे कपाळावर हात धरून.

"सुखदा! झालं गं! हल आता! हल!"

तिला ऐकू गेलं नाही. नुसते ओठ हलले... 'झालं का रे?'

तो झाडाकडे धावला. दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. नुसतं ऊन. फिरायला आलेले लोक थांबून बघायला लागले.

फोनवर मला हे सांगताना तो लहान पोरासारखा रडत होता. "ताई, मी काय करू गं?" पोलिसांत जाऊन सांगायचं काय? बायको हरवलीय, आणि ती घरी पोळ्या लाटतेय?

तो रोज तळ्यावर जायचा. स्क्रीनवर तिला बघायचा (दुसऱ्या कुठल्या फोनवर ती दिसायची नाही), ओरडायचा, परत यायचा. ती दमत चालली होती म्हणे. हातही कपाळावरून खाली आला होता.

काल सुखदाचा फोन आला. सुखदाच म्हणते, दुसरं काय म्हणू?

"ताई, ह्याचा तो फोन मी एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. सारखा घेऊन बसायचा. नवा घेतलाय. तुम्ही या ना सगळे! तळ्यावर जाऊ, मोठा पॅनोरमा काढू."

मागे कुणीतरी रडत होतं... अद्वैतच.

मी फोन ठेवला. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

मार्च लागलाय. ऊन आता कडक झालंय. आणि आमची सुखदा अजून तिथंच उभी असेल... अद्वैतनं 'हल' म्हणायची वाट बघत.