शिशाची वजनं

आमच्या स्वयंपाकघरातलं उभं घड्याळ माझ्या माहेरचं. माणसाएवढं उंच, आणि सासूसारखं. घरात कुठंही जा, आपलं टोकत राहणारं. शनिवारी सूर्य मावळायच्या आत, शब्बाथ, म्हणजे रविवारचा पवित्र दिवस, लागण्याआधी त्याला चावी द्यायची, हा माझ्या नवऱ्याचा, एनॉकचा, नेम. तो कधी चुकला नाही.

त्या वसंतात बॉस्टनमध्ये इंग्लंडच्या राजाचे लाल कोटवाले शिपाई ठाण मांडून बसले होते आणि आमच्या मेनोटॉमी गावात त्यांच्याशी लढायला, गोळ्या ओतायला शिसं गोळा होत होतं. चर्चचे कारभारी, डीकन स्टब्ज, स्वतः दारोदार फिरत होते. ज्यांच्या ओढीनं घड्याळ चालायचं ती शिशाची दोन्ही वजनं एनॉकनं काढून दिली. न देऊन चालतंय होय? माझा दीर बॉस्टनला राजाच्या जकात कचेरीत, त्यामुळं गाव आमच्याकडे आधीच तिरकं बघायचं. पलीकडच्या गावात अशाच एका राजाच्या माणसाला कढत डांबर फासून, वर पिसं चिकटवून हाकलला होता. डांबर काढताना कातडी निघाली म्हणे. मला रात्ररात्र झोप लागत नव्हती.

वजनं गेली. घड्याळ मात्र चालूच राहिलं.

शेजारची थँकफुल विस्तव मागायला आली ती उंबऱ्यातच थबकली.

"अगं केझाया, वजनं दिलीत ना तुम्ही?"

"दिली की."

"मग हे कशावर चालतंय? राजाच्या कृपेवर?"

ती हसली, पण विस्तव न घेताच गेली. दुपारी डीकन दारात.

"एनॉक, आम्हाला काय दूधखुळे समजलास?"

"डीकनसाहेब, माझी वजनं तुमच्यासमोरच वितळवली. त्यांच्या गोळ्या ह्या बघा, माझ्याच पिशवीत आहेत."

"म्हणजे आणखी शिसं दडवलंयस. कुणासाठी? भावासाठी? उघड ते दार."

एनॉकनं घड्याळाचं दार उघडलं. आत दोन्ही दोऱ्या ताठ, जड काहीतरी लटकल्यासारख्या. टोकाला काहीच नव्हतं. डीकननं एका दोरीखाली तळहात धरला. हात खाली दबला. त्यांनी तो चटकन मागं ओढला आणि कोटाला पुसत राहिले.

"ही कसली हातचलाखी आहे ते मी शोधून काढीन," ते म्हणाले. "आणि रविवारी भर चर्चमध्ये जाब विचारीन. तोवर बंद करा हे."

मी लंबक धरून थांबवला. सोडला, तशी टकटक पुन्हा सुरू.

रविवार यायच्या आधीच, बुधवारी पहाटे, घंटा वाजल्या. लाल कोटवाले कॉनकॉर्ड गावावर चाल करून गेले होते. एनॉकनं बंदूक उचलली.

"आज कळेल सगळ्यांना, मी कुणाचा आहे ते."

"अहो, जपून," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

दुपारी शिपाई आमच्याच रस्त्यानं परत फिरले. दगडी कुंपणांआडून आमच्या लोकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मी तळघरात कानांत बोटं घालून बसले होते, तरी टकटक ऐकू येत होती.

मग ती थांबली.

माझे हे गेले, असंच वाटलं. मी मोठ्यानं रडले.

पण एनॉक आला. तोंड बंदुकीच्या दारूनं काळं, गोळ्यांची पिशवी रिकामी. पाठीशी डीकन. "तुझ्या नवऱ्यानं आमच्या डोळ्यादेखत एक पाडला, केझाया," ते म्हणाले. "आमचा संशय फिटला." एनॉक हसला नाही.

"कोवळा होता गं," तो नंतर म्हणाला. "माझ्याकडेच बघत होता."

त्या शिपायाला पेटीशिवाय, लाल कोटासकट, एनॉकची गोळी अंगात तशीच, चर्चच्या खिडकीखाली पुरला.

रविवारी प्रवचनात पाद्री श्वास घ्यायला थांबले.

टक. टक.

खिडकीखालून येत होती.

बाहेर पडताना डीकननं मला गाठलं. ते तळहात कोटावर घासत होते.

"घड्याळ कसंय?"

"बंद पडलंय, डीकनसाहेब."

ते त्या खिडकीला लांबून वळसा घालून निघून गेले.

शनिवारी सूर्य कलला आणि एनॉकनं खिळ्यावरची चावी काढली. घड्याळाकडे न बघता तो दाराकडे वळला.

"कुठं निघालात?"

"चावी द्यायला," तो म्हणाला. मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं, असा त्याचा चेहरा.

परत आला तेव्हा गुडघे चिखलानं भरले होते. चावी खिळ्याला लावून तो जेवायला बसला.

मी चावी खाली काढली. तिच्या पोकळीत माती गच्च बसली होती. सुईनं कोरून काढली, तर मातीत लाल लोकरीचे धागे होते.