एका गोळीत किती सिंह?

"एका गोळीत किती सिंह मरतात?" आजोबांनी विचारलं.

"सोप्पंय! एक," शलाका म्हणाली.

"साफ चूक!" असं म्हणून आजोबा खुशाल चहा पीत बसले. कोडं घालायचं आणि उत्तर गिळून बसायचं, ही त्यांची जुनीच खोड.

आजोबा म्हणजे डॉ. यशवंत नाईकनवरे. पूर्व आफ्रिकेतल्या ओल्किरी नावाच्या रानात ते सिंहांचा अभ्यास करत. साल होतं २०६१. शलाका सुट्टीत सांगलीहून तिथे आली होती. तिच्या दिमतीला होता टेहळ्या, सिंहांमागे हिंडणारा चार पायांचा यंत्रमानव. तो तिथल्या गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांचं बोलणं मराठीत सांगे, तेही सांगलीच्या वळणाने, कारण शिकवणारी शलाका!

त्या दिवशी बाभळीखाली पंचायत बसली होती. एका परदेशी पाहुण्याला काळ्या आयाळीच्या सिंहाची ट्रॉफी शिकार (मुंडकं भिंतीवर मिरवण्यासाठी केलेली शिकार) करायची होती.

"शी! मिरवायला जीव घ्यायचा?" शलाका उसळली.

पंचायतीच्या प्रमुख होत्या नासिएकू आजी. टेहळ्या त्यांचं बोलणं सांगू लागला, "पोरी, सिंह आमच्या गाई खातो, तरी आम्ही त्याला विष घालत नाही. का? शिकारीसाठी पाहुणे जो पैसा मोजतात, त्यातून रानाची राखण होते. तो पैसा आटला की लोक रान तोडून शेतं करतील. मग तुझा सिंह राहील कुठं, सांग की!"

शलाका डोकं खाजवू लागली. खरंच, कुठे राहील?

"दोघींचंही खरं आहे," आजोबा म्हणाले. "एके काळी सिंह लाखांच्या घरात होते, आता काही हजार उरलेत. रानं आक्रसली, हरणं घटली, लोकांनी विष घातलं आणि काही ठिकाणी शिकारही अति झाली. म्हणून इथे नियम आहे, सहा वर्षांच्या आतला नर मारायचा नाही."

"आयाळ दाट, काळी. वय आठ वर्षं," टेहळ्याने निर्वाळा दिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. काळी आयाळ म्हणजे म्हातारा सिंह, असं तिथले लोक पिढ्यान् पिढ्या मानत. आजोबांनीही टेहळ्याला तेच शिकवलं होतं. पाहुणा बंदूक पुसू लागला.

शलाका मात्र टेहळ्याच्या पाठीवरच्या पडद्यात दिसणाऱ्या त्या सिंहाकडे टक लावून बघत होती. पायाशी बछडे लोळत होते आणि त्याचं नाक त्यांच्यासारखंच गुलाबी होतं.

"आजोबा, काल आपण तो दात पडलेला सिंह पाहिला, त्याचं नाक काळं होतं ना?"

"हो. वय वाढतं तसं नाकावर रंगद्रव्य (कातडीला रंग देणारा पदार्थ) वाढतं. काळे ठिपके पसरत जातात."

"मग याच्या नाकावर ठिपके का नाहीत?"

आजोबांचा चेहरा पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आयाळ खाण्यापिण्यावर, हवेवरही ठरते. चुकलो मी! हा जेमतेम चार वर्षांचा असेल."

"आणि याला मारलं, तर बछड्यांना कोण सांभाळेल?"

"सिंहिणी सांभाळतील, पण वाचवू शकणार नाहीत. कळपावर नवा नर ताबा मिळवतो आणि आधीच्या नराचे बछडे मारून टाकतो. कारण ते मोठे होईपर्यंत सिंहिणीला त्याची पिल्लं होत नाहीत. कळपातून हाकलला गेलेला म्हातारा नर गेला, तर एकच जातो. पण याला गोळी घातली, तर..."

"बछडेही त्याच गोळीत!" शलाका ओरडली. कोडं सुटलं होतं.

नासिएकू आजींनी काठी आपटली. "शिकार रद्द!" पाहुण्याने बंदूक खोळीत कोंबली आणि धुसफुसत निघून गेला.

"पण यंदाची राखण कशी करायची?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"सिंह मारायला नाही, बघायला माणसं बोलवू. पुरेल का? ठाऊक नाही. आपसात भांडू, पण वाट शोधू," आजी म्हणाल्या. मग त्या उठल्या, तळहातावर थुंकल्या आणि तो हात त्यांनी शलाकाच्या कपाळावर चोळला.

"ईऽऽ!" शलाका दचकून मागे सरकली.

"पुसू नकोस, वेडे!" आजोबा घाईने म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मसाई लोकांचा हा सगळ्यात मोठा आशीर्वाद. इतकी वर्षं इथे काढली, मला अजून मिळालेला नाही."

शलाकाने कपाळ पुसायला वर गेलेला हात खाली घेतला आणि ओलं कपाळ तसंच ताठ ठेवून ती पंचायतीत बसली.